'टाइमपास' : एका अनौपचारिक नामाचा अर्थ आणि मराठीतील वापर

इंग्रजीतून मराठीत आलेल्या नामांपैकी बहुसंख्य नामे वस्तूंबरोबर आली. टेबल, बस, फी, पेन ही नामे स्वीकारताना मराठी भाषकाला नवी वस्तू मिळाली आणि तिच्यासह तिचे नावही मिळाले. त्याविषयी वाद झालाच तर तो शुद्धीपुरता राहिला. 'टाइमपास' या शब्दाचे तसे नाही. हा शब्द येताना कोणतीही वस्तू आणली नाही. रिकामा वेळ मराठी माणसापाशी पूर्वीही होता आणि तो घालवण्याच्या नाना रीतीही होत्या. असे असता हा शब्द बोलीत इतका खोल का रुजला, हा प्रश्न अभ्यासाचा आहे. पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकेत तो आढळला की परीक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतात आणि समासात 'करमणूक' किंवा 'विरंगुळा' असा पर्याय सुचवितात. हा पर्याय अर्थाच्या दृष्टीने बरोबर आहे काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाच्या घडणीकडे पाहू. 'टाइमपास' हा इंग्रजी शब्द आहे असे सामान्यतः समजले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. त्याचे दोन्ही घटक इंग्रजी आहेत. त्यांची जोडणी मात्र भारतात झाली. इंग्रजीत या अर्थाच्या जवळचा जुना शब्द आहे 'पास्टाइम'. तो फ्रेंच 'पास-ताँ' या शब्दाच्या धर्तीवर पंधराव्या शतकाच्या अखेरीस घडला आणि त्यात क्रियापद आधी, कर्म नंतर असा क्रम आहे. खिसेकापूला इंग्रजीत 'पिकपॉकेट' म्हणतात, त्यातही हाच क्रम आहे. मराठीची प्रकृती याच्या उलट. खिसेकापू, लाकूडतोड्या, पोटभरू, वेळकाढू या सर्व सामासिक शब्दांत कर्म आधी येते आणि धातू मागाहून. 'टाइमपास' मध्ये 'टाइम' आधी आणि 'पास' नंतर, म्हणजे इंग्रजी शब्दांची मांडणी 'वेळकाढू' च्या साच्यात झालेली आहे. (जर्मन भाषेतील 'त्साइटफरट्राइब' या शब्दातही काळ आधी आणि घालवणे नंतर येते, तेव्हा हा क्रम केवळ भारतीय आहे असे म्हणता येणार नाही.) हिंदी आणि इतर भारतीय भाषांतही हाच क्रम असल्याने हा शब्द नेमका कोणत्या भाषेच्या पोटी जन्मला हे ठरविण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. इंग्रजी कोशांनी मात्र त्याला 'भारतीय इंग्रजी, अनौपचारिक' अशा शेऱ्यासह स्थान दिले आहे. म्हणजे ज्या शब्दाला आपण परका म्हणून बाहेर काढू पाहतो, त्याला परके लोक आपला म्हणून ओळखतात.

व्याकरणातील त्याचे वर्तनही बोलके आहे. मराठीत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. 'बराच वेळ गेला' यात तो पुल्लिंगी आहे आणि कालावधी दाखवितो. 'वेळ आली', 'वेळ गेली' यांत तो स्त्रीलिंगी आहे आणि नेमका क्षण, प्रसंग किंवा संधी दाखवितो. 'टाइमपास' ने पुल्लिंग स्वीकारले : 'चांगला टाइमपास झाला'. या शब्दाचा संबंध कालावधीशी आहे, प्रसंगाशी नाही, ही गोष्ट लिंगाशी जुळते; काही अकारान्त परकी नामे पुल्लिंगी होतात हेही कारण असेल. सामान्यरूपाची गोष्ट वेगळी. 'टाइम' हा घटक बोलीत 'टायम' होऊन पूर्ण मराठी झाला आहे, म्हणून 'टायमाला ये', 'टायमावर पोच' असे सामान्यरूप सहज होते. 'टाइमपास' चे मात्र 'टाइमपासाला' होत नाही. 'टाइमपासला', 'टाइमपाससाठी', 'टाइमपासचा' असेच म्हटले जाते. अंगी लागलेला घटक आणि अंगी न लागलेला समास एकाच वाक्यात शेजारी बसू शकतात. लेखनातही 'टाइमपास' आणि 'टाईमपास' अशी दोन्ही रूपे छापली जातात. महाविद्यालयीन बोलीत त्याचे 'टीपी' हे आद्याक्षरी रूपही चालते, आणि 'टीपी करणे' म्हणणाऱ्याला मूळ शब्दांची आठवण ठेवण्याची गरज उरत नाही.

आता अर्थाकडे. मुंबईच्या उपनगरी गाडीत आणि फलाटांवर खारे शेंगदाणे, फुटाणे विकणारा फेरीवाला 'टाइमपास, टाइमपास' अशी आरोळी देतो. येथे शब्दाने क्रिया सोडून पदार्थाचे नाव धारण केले आहे. ही लक्षणा सामान्य नाही. वडा किंवा भजी विकणारा अशी आरोळी देत नाही, कारण ते पदार्थ भुकेसाठी आहेत. शेंगदाणे एकेक करून तोंडात टाकावयाचे असतात; हाताला चाळा मिळतो, पोट भरत नाही आणि पुडी संपेपर्यंत दोन-चार स्थानके मागे पडतात. विकले जाते ते अन्न नव्हे, तर प्रवासाच्या कालावधीचे छोटे तुकडे. या आरोळीत शब्दाचा गाभाच सापडतो, असे म्हणावयास हरकत नाही.

याखेरीज तो विशेषणासारखा येतो : 'टाइमपास सिनेमा', 'टाइमपास पुस्तक'. येथे किंचित तुच्छता आणि किंचित सूट अशा दोन्ही छटा आहेत; फार अपेक्षा ठेवू नका, म्हणजे निराशा होणार नाही, असा इशारा त्यात असतो. स्त्रीपुरुषसंबंधांच्या संदर्भात तो गंभीर आरोप होतो. 'तो तिच्याशी नुसता टाइमपास करतोय' या वाक्यात फसवणुकीचा अर्थ आहे, आणि त्याचे दुखणे असे की एका व्यक्तीच्या आयुष्याचा काळ दुसऱ्या व्यक्तीने शेंगदाण्यांच्या पुडीसारखा वापरला. रवी जाधव यांच्या २०१४ च्या 'टाइमपास' या मराठी चित्रपटाच्या शीर्षकाला धार आली ती या छटेमुळे. कोवळ्या वयातील प्रेमाला भोवतालचे जग जो शब्द लावील तोच शब्द शीर्षक म्हणून घेतला गेला आणि तो शब्द त्या प्रेमाला पुरतो का, हे प्रेक्षकाने ठरवावे अशी मांडणी झाली. त्याआधी प्रतिमा बेदी यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मकथनालाही हेच नाव होते. एका नर्तकीच्या वादळी आयुष्याला असे हलके नाव देण्यात जो बेफिकीर अभिनिवेश आहे, तो 'करमणूक' या शब्दाने साधला नसता.

पुरुषाप्रमाणे या शब्दाचा अर्थ बदलतो, ही बाब अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावयास हवी. 'वेळकाढूपणा' हा शब्द दुसऱ्याविषयीच वापरला जातो. शासन वेळकाढूपणा करते, प्रतिवादी वेळकाढूपणा करतो. 'मी सध्या वेळकाढूपणा करीत आहे' असे स्वतःविषयी कोणी म्हणत नाही. 'उनाडक्या', 'चकाट्या' हे शब्दही बहुधा वडीलधाऱ्यांच्या तोंडचे असतात. 'टाइमपास' तृतीयपुरुषी वाक्यात असाच दोषारोप करतो, पण प्रथमपुरुषी वाक्यात तो सहज बसतो. 'काय चाललंय सध्या, दादा?' या प्रश्नाला 'काही नाही, टाइमपास' असे उत्तर येते तेव्हा बोलणारा स्वतःकडे किंचित हसून पाहतो आणि पुढचा प्रश्न बंद करतो. दोष दुसऱ्याने द्यायच्या आत आपणच तो हलक्या शब्दात घेऊन टाकण्याची सोय येथे आहे. जुन्या मराठीत ही सोय अगदीच नव्हती असे नाही. 'बसलोय आपला' हे उत्तर याच जातीचे. परंतु 'बसलोय' या क्रियापदात माणूस दिसतो, 'टाइमपास' या नामात तो दिसत नाही. क्रियेचे नाम झाले की कर्ता बाजूला सरकतो.

पर्यायी शब्दांची परीक्षा केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होईल. वेळेविषयीची मराठी क्रियापदे अर्थाच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. 'वेळ घालवणे' यात हानी आहे, 'दवडणे' यात संधीचा नाश आहे, 'काढणे' यात सोसणे आहे. 'दिवस काढले' म्हणणारा हालअपेष्टाच सांगत असतो. 'वेळ मारून नेणे' हे तर प्रसंगावधानाचे कौतुक आहे आणि इंग्रजीतल्या वेळेची हत्या करण्याच्या वाक्प्रचाराशी त्याचा काही संबंध नाही. 'विरंगुळा' म्हणजे श्रमानंतरची विश्रांती. ज्याने श्रम केले नाहीत त्याला विरंगुळा मिळू शकत नाही, हे त्या शब्दातच गृहीत आहे. 'फुरसत' फारसीतून आली, 'सवड' घरचीच. दोन्हींत कामाच्या दोन टोकांमधली मोकळी जागा सूचित होते.

संस्कृतातून आलेला 'कालक्षेप' हा शब्द या सर्वांत वेगळा असून त्याचा इतिहास मराठीच्या अभ्यासकाला जवळचा आहे. शब्दशः तो 'टाइमपास' चाच अर्थ सांगतो : काळ घालवणे. तथापि तंजावरच्या मराठी राज्याच्या आश्रयाने महाराष्ट्रीय कीर्तन दक्षिणेत रुजले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांच्यासारख्यांनी त्याला जो तमिळ आकार दिला, तो 'हरिकथा कालक्षेपम्' या नावाने प्रसिद्ध झाला. काळ जाणारच आहे, तो हरिकथेत जावो, अशी त्यामागील धारणा आहे. सुजाणांचा काळ काव्यशास्त्रात आणि मूर्खांचा व्यसन, निद्रा, कलह यांत जातो असे सांगणारे हितोपदेशातील सुभाषितही याच धारणेचे आहे. काळ कसा घालवला यावर माणसाची प्रत ठरते. 'टाइमपास' ला हा निकष मान्य नाही. त्यात काळ जाणे एवढेच पुरेसे असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी नियतकालिकांनी जी नावे घेतली, तीही येथे आठवावीत. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढले त्याचे नाव 'करमणूक', आणि का. र. मित्र यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे नाव 'मनोरंजन'. 'निबंधमाला' आणि 'विविधज्ञानविस्तार' यांच्यानंतरच्या पिढीने अशी नावे अभिमानाने घेतली, याचा अर्थ करमणूक ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती. 'करमणूक' हा शब्द 'करमणे' या क्रियापदापासून आला आणि त्या क्रियापदाची रचना पाहण्यासारखी आहे : 'मला करमत नाही'. येथे अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. करमणे त्याच्या इच्छेवर अवलंबून नाही, ते त्याला व्हावे लागते. करमले म्हणजे मन लागले. आपट्यांच्या वाचकाचे मन लागावे, हे त्यांच्या संपादनाचे उद्दिष्ट होते.

भेदाचे मूळ येथे आहे. मन लागले की वेळेचे भान सुटते. 'वेळ कसा गेला कळलेच नाही' हे करमणुकीचे प्रशस्तिपत्र होय. टाइमपासमध्ये वेळेचे भान सुटत नाही. उलट वेळ सतत समोर उभा असतो आणि तो पुढे ढकलावा लागतो. गाडीत शेंगदाणे खाणारा प्रत्येक स्थानकावर मान वर करून पाटी पाहतो. टाइमपास नेहमी कशाच्या तरी आधी असतो, कशाची तरी वाट पाहताना असतो. विरंगुळा श्रमानंतर येतो, टाइमपास प्राप्तीपूर्वी. हा काळक्रम उलटा असल्यामुळे परीक्षकांनी समासात सुचविलेला पर्याय चुकीचा ठरतो.

वाट पाहण्याचा हा अर्थ समाजशास्त्रीय अंगाने प्रथम ठळकपणे मांडला गेला तो क्रेग जेफ्री यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टाइमपास' या इंग्रजी ग्रंथात. त्यांचा अभ्यास उत्तर प्रदेशातील मेरठचा. पदव्या घेतलेले, नोकरी न मिळालेले, म्हणून आणखी एक पदवी घेणारे तरुण आपल्या दिवसांना हाच शब्द लावीत, असे त्यांना आढळले. मेरठची शेती, तेथील जातिरचना आणि राजकारण महाराष्ट्रापेक्षा भिन्न आहे, तेव्हा ते निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावणे योग्य नव्हे. परंतु पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षांच्या जाहिरातीची आणि निकालाची वर्षानुवर्षे वाट पाहणारा विद्यार्थी, सेट-नेट उत्तीर्ण होऊन तासिका तत्त्वावर शिकविणारा अध्यापक, यांच्या बोलण्यात हा शब्द कोणत्या स्वरात येतो हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगावयास नको. त्यांचा दिवस कामाने भरलेला असतो, आणि तरीही ते त्याला टाइमपास म्हणतात. ज्याची वाट पाहिली जात आहे ते न आल्यामुळे हातातले काम काम म्हणून मोजले जात नाही.

शहराच्या कडेवरील गावांत या शब्दाचे आणखी एक अंग दिसते. मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावे. एका अंगाला सूस आणि म्हाळुंगे, जी २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत गेली. दुसऱ्या अंगाला लवळे, जेथील टेकडीवर खाजगी विद्यापीठ उभे आहे. जवळच हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र. २०२१ च्या त्या तेवीस गावांच्या यादीत नांदे नव्हते. मुळशी हा भाताचा तालुका. भातशेतीच्या वर्षात रिकामपण असते, पण त्याला हद्द असते. 'लावणी आटोपली, आता जरा उसंत आहे' असे म्हणणाऱ्याला कापणी केव्हा येणार हे ठाऊक असते. उसंतीच्या दोन्ही बाजूंना काम उभे आहे. भोवतालच्या जमिनीचा उपयोग बदलू लागला, इमारती उठू लागल्या, की त्याच घरातील पुढच्या पिढीच्या रिकामपणाची हद्द पंचांगात सापडत नाही. ती जमिनीच्या व्यवहारात, रस्त्याच्या रुंदीकरणात, कंपनीच्या भरतीत, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयात असते. अशा रिकामपणाला 'उसंत' म्हणणे भाषेच्या दृष्टीने चूक होईल. वडील 'उसंत' म्हणतील आणि मुलगा 'टाइमपास' म्हणेल, तर तो पिढ्यांच्या शुद्धाशुद्धतेचा भेद नसून दोन प्रकारच्या काळांचा भेद आहे. माधव जूलियनांच्या 'भाषाशुद्धि-विवेका' पासून आपण परक्या शब्दाची चिकित्सा करताना तो अनावश्यक आहे काय असे विचारीत आलो. प्रश्न रास्तच आहे. फक्त त्याचे उत्तर कोशातील समानार्थी शब्द मोजून मिळत नाही.

याचा अर्थ हा शब्द साहित्यसमीक्षेतही मुक्तपणे वापरावा असा नव्हे. तेथे तो अपुरा पडतो, आणि त्याचे कारण त्याचे परकेपण हे नाही. 'ही कादंबरी टाइमपास आहे' हे विधान कादंबरीविषयी काहीच सांगत नाही. वाचणाऱ्याची स्थिती काय होती एवढेच सांगते. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांना आज सहज हे लेबल लावले जाते. परंतु झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथा वाचणारा वाचक पाटी पाहण्यासाठी मान वर करीत नव्हता. त्याचे स्थानक चुकण्याचाच संभव अधिक. त्या वाचनाला रंजन म्हणावे, हवे तर हलके रंजन म्हणावे. फडके-खांडेकर वादात रंजनाची बाजू निदान एक बाजू म्हणून मांडली गेली होती. तिच्या जागी 'टाइमपास' आला की बाजूच उरत नाही, कारण स्वतःचे समर्थन न करणे हाच या शब्दाचा स्वभाव आहे.

उलट उदाहरण 'कोसला' चे. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर पुण्यात महाविद्यालयीन वर्षे घालवितो आणि पदवी न घेता सांगवीस परततो. आजचे विद्यार्थी वर्गात त्याच्या पुण्यातील दिवसांना 'टाइमपास' म्हणतात. वरवर पाहता हे बरोबर वाटते, कारण भरपूर वेळ, नसते उद्योग आणि निष्पत्ती शून्य. पण पांडुरंग आपल्या रिकामपणाला सोडून देत नाही. तो त्याची रोजनिशी ठेवतो, हिशेब मांडतो, त्याची थट्टा करता करता त्याच्या तळाशी जातो. टाइमपास म्हणणारा माणूस प्रश्न मिटवितो, पांडुरंग तो उकरून काढतो. शब्द एकच, पण विद्यार्थ्याने तो स्वतःविषयी वापरला तर अचूक आणि पांडुरंगाविषयी वापरला तर चुकीचा, असे येथे घडते. म्हणून उत्तरपत्रिकेत असे वाक्य आले असता शब्दाखाली रेघ ओढून 'करमणूक' लिहिण्यापेक्षा, कोणाचा वेळ आणि कशाची वाट पाहताना, एवढे दोन प्रश्न समासात लिहिले तर विद्यार्थ्याला कादंबरी पुन्हा उघडावी लागेल.